अण्णांच्या घराखालचा डाग

(मंडळाच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. गॅरेजांची नावं कार्यवाहांच्या सांगण्यावरून गाळली आहेत.)



दरवर्षी या कार्यक्रमात कुणी काशीयात्रेबद्दल बोलतं, कुणी नर्मदा परिक्रमेबद्दल. मी कुठे गेलो नाही. सरकारी नोकरी, खात्याच्या गाड्यांची देखभाल, आणि शिक्षण म्हणाल तर ऑटोमोबाईलचा डिप्लोमा. माझा बहुतेक प्रवास गाडीखाली पाठीवर झोपूनच झाला आहे. तेव्हा आज तेलाच्या एका डागाबद्दल बोलतो. हा डाग शोधायला मला पाच दिवस लागले, आणि पहिले चार दिवस मी चुकीच्या जागी बघत होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मावसभाऊ ठाण्याला असतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी चालतं घर केलं. एक जुनी मोठी प्रवासी व्हॅन घेतली, आतली आसनं काढली आणि पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटं शौचालय असं सगळं बसवून घेतलं. इंग्रजीत मोटरहोम म्हणतात ते हेच. सरकारी कागदावर ‘मोटार कॅरॅव्हॅन’ असा स्वतंत्र वाहनप्रकार आहे, आणि महाराष्ट्र सरकारने तर २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. अण्णांनी ती बातमी कापून ठेवली होती. वहिनींनी त्यावर काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

पण खरं कारण पर्यटन नव्हतं. खरं कारण मावशी, म्हणजे अण्णांची आई. तेव्हा वय ८४. गुडघे वाकत नाहीत आणि दर तासा-दीड तासाने तिला बाथरूमला जावं लागतं. (हे सांगायला तिनेच परवानगी दिली आहे. ‘सांग, माझ्या वयाच्या सगळ्यांचं तेच आहे’ म्हणाली.) बसने येणं शक्य नाही. कारने निघालो तर वाटेत कुठे थांबायचं हा प्रश्न. त्यामुळे नऊ वर्षं ती जोयड्याला आली नव्हती. मावशीचं सासर सुप्याचं, काळी आणि पांढरीच्या संगमाकाठचं. तालुक्याला तेव्हा सुपा तालुकाच म्हणत. धरण झालं, १९८७ पर्यंत सगळं पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि माणसं रामनगरला आणि जिथे जमेल तिथे पांगली. तुमच्यापैकी निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे, मी नव्याने काय सांगणार. मावशीची नणंद त्या पांगापांगीत कारवारला गेली. दोघी एकाच वर्षी त्या घरात आल्या होत्या, एक लग्न होऊन आणि दुसरी माहेरपणाला म्हणून येऊन राहिली ती कायमचीच. आता नणंद अंथरुणाला खिळलेली. मावशीला गणपती बघायचा होता, आणि अणशी घाट उतरून कारवारला नणंदेला भेटायचं होतं.

आता डागाकडे येतो.

जुलैत अण्णांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. गाडीखाली सोसायटीच्या फरशीवर ओला डाग, गाडीच्या मध्यावर, जरा मागे. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोटो बघितला आणि उत्तर दिलं, ‘गिअरबॉक्सचा ऑइल सील गेला.’ त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, तीही सांगतो: ‘उतरवताच आहात तर पुढचा-मागचा दोन्ही बदलून घ्या.’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार महाग आहे. गिअरबॉक्स उतरला, दोन्ही सील बदलले, नवीन तेल घातलं. चौदा हजार रुपये. गाडी सोसायटीत तीन दिवस उभी होती तेव्हा एक थेंब नाही. अण्णांनी मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

चतुर्थीच्या काही दिवस आधी मंडळी निघाली. खंबाटकी घाट चढून साताऱ्याला मुक्काम. सकाळी गाडीखाली पुन्हा डाग. कोल्हापूरला कुणीतरी बघितलं आणि सांगितलं, ‘जुन्या गाडीला थोडं चालायचंच, तेल भरत राहा.’ बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी असं करत हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी हे घर आमच्या दारात येऊन थांबलं. वहिनी खाली उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘भाऊजी, तुमच्या सल्ल्याचे चौदा हजार आणि डाग तसाच.’

तेव्हा रागावलो नाही, पण रात्री झोप लागली नाही. फोटो बघून निदान करणं म्हणजे आवाज ऐकून ताप मोजणं. खात्यात नवीन पोरं असं करतात तेव्हा मी त्यांना ओरडतो.

गळती शोधायची पहिली अडचण आपल्याकडे पाऊस. भाद्रपदात जोयड्याला जमीन कोरडी मिळणं कठीण. ओल्या मातीवर तेलाचा थेंब पडला की इंद्रधनुष्य होऊन पसरतो, कुठून पडला ते कळत नाही. आमच्या अंगणात गणपतीसाठी ताडपत्रीचा मांडव घातला होता. गाडी मागे-मागे घेत त्याच्याखाली आणली. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि चारही चाकांच्या जागा कागदावर पेनने आखल्या, म्हणजे थेंब पडला की तो कोणत्या भागाच्या बरोबर खाली आहे ते मोजता येतं. चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण समोर दोन-तीन तरुण असे बसले आहेत ज्यांना मी तसं शिरताना पाहिलं आहे. नावं घेत नाही.

सकाळी कागदावर दोन प्रकारचे डाग. एक पुढे, लालसर आणि पातळ. दुसरा मध्यावर, तपकिरी, घट्ट.

गाडीखाली पडणाऱ्या प्रत्येक द्रवाची स्वतःची ओळख असते. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्याची काळजी नको. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटाला चिकट, वासाला गोडसर. ब्रेकचं तेल जवळजवळ रंगहीन, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलून नेतं. इंजिनचं तेल काळं आणि जळक्या वासाचं. गिअरचं तेल तपकिरी, आणि त्याला गंधकाचा वास येतो, कुजलेल्या कांद्यासारखा. ज्याने एकदा हुंगलं तो विसरत नाही. आणि लाल तेल? लाल तेल दोन ठिकाणी असतं. ज्या गाड्यांना क्लच नसतो, गिअर आपोआप पडतात, त्यांच्या ट्रान्समिशनमध्ये. आणि पुष्कळ गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच. अण्णांची गाडी हाताने गिअर टाकायची. म्हणजे लाल तेल स्टिअरिंगचं. वर बघितलं तर परतीच्या नळीचा क्लिप सैल. स्क्रू-ड्रायव्हरने दोन वळसे दिले, झालं.

इथे माझी दुसरी चूक. एक गळती सापडली की माणूस खुशीत येतो. मी घरात जाऊन जाहीर केलं, ‘सापडलं!’ मावशीने नणंदेकडे न्यायला साडी काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी लाल डाग नाही आणि तपकिरी डाग मात्र बशीएवढा.

तिसऱ्या दिवशी नीट कामाला लागलो. तेल जिथे ओलं दिसतं तिथून गळत असतं असं नाही. धावत्या गाडीखालचा वारा थेंबाला मागे ढकलतो, फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट त्याला चहूकडे उडवतो. अण्णांच्या गाडीत तर शाफ्टच्या बाजूलाच सांडपाण्याची टाकी बसवलेली, तिच्यावर तेलाची अशी रांगोळी उठलेली की कुणाला वाटेल टाकीच गळते. म्हणून आधी सगळं धुवायचं. डिझेल आणि ब्रशने गिअरबॉक्स घासला, मग साबणाचं पाणी, मग फडक्याने कोरडा केला, आणि पूर्ण सुकल्यावर त्याच्यावर पांढरी पावडर उडवली. तेल लागलं की पावडर त्या जागी गडद होते आणि ओघळाचा माग वर मुळापर्यंत नेता येतो. मोठ्या वर्कशॉपात तेलात चमकणारा रंग घालून निळ्या दिव्याखाली बघतात. आमच्याकडे तो दिवा नाही. आणि पावडर कोणती, हे खजिनदार समोर बसलेत म्हणून कबूल करून टाकतो. कॅरम स्पर्धेचा डबा मी नेला होता. तुम्ही शेवटी पोरांवर संशय घेतलात, तो चुकीचा होता.

तेलाची पातळीही बघितली. या गिअरबॉक्सला दांडी नसते, बाजूला एक प्लग असतो. तो उघडून बोट वाकवून आत घालायचं, तेल प्लगच्या तोंडाशी हवं. बोट कोरडं निघालं. साडेतीनशे मिली घातलं तेव्हा तोंडाशी आलं. साऱ्या गिअरबॉक्सात अडीच लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे सातवा हिस्सा रस्त्यावर सांडला होता. घाट उतरताना आपण खालच्या गिअरवर गाडी रोखून धरतो, सगळा भार दातांवर येतो. तेल कमी असेल तर दाते तापतात, बेअरिंग जातं, आणि कधी गिअर सुटून गाडी न्यूट्रल होते. अणशी घाटात, पावसात, ८४ वर्षांची बाई आत पलंगावर. हे मी अण्णांना सांगितलं नाही. अण्णांनी मात्र माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं, कारण ते नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

गणेशगुडीपर्यंत जाऊन परत आलो. खाली शिरून टॉर्च मारला. सगळी पावडर कोरडी, पांढरी. फक्त मागच्या टोकाला, जिथे शाफ्ट बाहेर येतो तिथे, सीलभोवती ओलं कडं. म्हणजे माझं पहिलं निदान बरोबर! सीलच गळतोय! नवीन सील वाईट, किंवा बसवताना तिरका ठोकला. ठाण्याच्या गॅरेजला फोन लावायला मी मोबाईल काढलासुद्धा. रेंज नव्हती. जोयड्यात रेंज नसण्याचा मला एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

रात्री जेवताना वहिनींनी त्यांची वही काढली. वहिनी हिशेबाच्या पक्क्या. गाडी घेतल्यापासून रोजचा खर्च, किलोमीटर आणि डाग, तिन्ही त्या लिहीत होत्या. डागाचं माप त्यांचं स्वतःचं: रुपया, बांगडी, बशी, ताटली. मी ती वही सहज चाळली. ठाण्यात तीन दिवस उभी, डाग नाही. सातारा, खंबाटकीनंतर, ताटली. कोल्हापूर, सरळ रस्ता, रुपया. बेळगावला एक दिवस थांबले, डाग नाही. रामनगरहून जोयडा, चढ-उतार, बशी.

सील फाटला असेल तर उभ्या गाडीतही थोडं गळायला हवं. आणि वहीत कितीही शोधलं तरी किलोमीटरचा आणि डागाचा मेळ बसत नव्हता. कोल्हापूरच्या दिवशी किलोमीटर पुष्कळ आणि डाग सर्वांत लहान. मेळ बसत होता चढाशी. चढ म्हणजे भार, भार म्हणजे उष्णता.

मंडळी, गिअरबॉक्स हा बंद डबा आहे. त्यात अर्धं-अधिक तेल आणि वर हवा. गाडी चालली की दोन्ही तापतात. २७ अंशांची हवा ८० अंशांवर गेली आणि तिला पसरायला जागा नसेल तर तिचा दाब १८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित. चौरस सेंटिमीटरला १८० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ऑइल सीलची रबरी ओठासारखी कड तेल अडवण्यासाठी असते, आतून दाबणारी हवा अडवण्यासाठी नव्हे. हवा बाहेर पडायला बघते आणि जाताना तेल ढकलत नेते. म्हणूनच प्रत्येक गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास घ्यायला एक छोटं भोक असतं. त्याला ब्रीदर म्हणतात. आणि मी ज्याला गळती म्हणत होतो ती गळती नसून गुदमरणं असेल, तर सील कितीही वेळा बदला, तेल येतच राहणार.

सकाळी पुन्हा चढाची एक फेरी मारली. हात लावता येईल इतपत निवल्यावर तोच बाजूचा प्लग अगदी हळू, अर्धा-अर्धा आटा सैल केला. फुस्स्. प्रेशर कुकरची शिटी उचलल्यावर येतो तसा, पण लहान. आधी प्लग उघडला होता तेव्हा गाडी रात्रभर उभी होती, सगळं थंड होतं, आवाज कुठून येणार?

आता ब्रीदर शोधायचा. तो गिअरबॉक्सच्या डोक्यावर आणि डोक्यावर तर अण्णांच्या घराची जमीन. खालून दिसेना. वहिनींचा पर्समधला आरसा घेतला, एका हातात आरसा, एका हातात टॉर्च, तेव्हा दिसलं. ज्याने घर बांधलं त्याने चांगल्या बुद्धीने एक काम केलं होतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक टाकीच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीला बांधलं होतं, म्हणजे पाण्यातून गाडी गेली तरी आत पाणी जाऊ नये. काम शहाणपणाचं. फक्त टोकाला टोपी नव्हती.

नळी आधी गिअरबॉक्सकडून काढली, म्हणजे आतलं काही खाली तेलात पडायला नको. मग तोंडाने फुंकली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा पुढे सरकेना. सायकलचा आरा घालून टोकरलं तर आतून काय निघावं? लाल माती. चांगली घोटून लिंपलेली, आणि तिच्यामागे तीन वाळक्या अळ्या.

कुंभारीण! आपल्या देवळीत, खिडकीच्या चौकटीत, टेबलफॅनच्या भोकात घर करते ना, तीच. गाडी कागदपत्रांसाठी उन्हाळाभर ठाण्याच्या सोसायटीत उभी होती. कुंभारणीला करंगळीहून बारीक, कोरडी, सावलीतली नळी मिळाली. तिने पिलांसाठी शिधा भरून तोंड बंद केलं. अण्णांनी घर बांधलं त्याच महिन्यात तिनेही बांधलं. तिचा खर्च शून्य आणि अण्णांचा माझ्या सल्ल्यासकट किती ते वहीत आहे.

नळी साफ केली, टोक खाली वाकवून बांधलं, तोंडावर चहाच्या जुन्या गाळणीची जाळी तारेने आवळली. पावडर पुन्हा उडवली. कुंभारवाड्यापर्यंत जाऊन आलो. प्लग सैल केला, आवाज नाही. सीलभोवती पावडर पांढरी. तेल तपासलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलं नव्हतं. थंड होताना गुदमरलेला डबा उलटा ओढतो आणि पावसाळ्यात सीलमधून ओल आत घेऊ शकतो, ती भीती होती.

मावशीने मला मांडवात बोलावलं. ‘नाही म्हणायचं असेल तर आत्ताच सांग. उद्या गाडीत बसवून मग नको म्हणू नकोस.’ मी म्हटलं, ‘जाऊ. मीपण येतो.’ एवढं ठामपणे मी खात्यात फिटनेसच्या कागदावरही कधी सही केलेली नाही, आणि पोटात मात्र गोळा होता.

गौरी विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. अण्णा गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर गिअरच्या दांडीकडे बघत होतो. अणशीपाशी धुकं, खाली पाऊस. मावशी मागे खिडकीला टेकून बसली होती, दोनदा बाथरूमला जाऊन आली आणि एकदा तिने चहा मागितला. कद्र्याला थांबलो तेव्हा मी उतरून चिखलातच आडवा झालो. पावडर ओली झाली होती, पण पाण्याने. हुंगून बघितलं, कांदा नाही.

कारवारला दोघी नणंद-भावजयी चार तास बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, मी बराच वेळ गाडीखाली होतो. आत गेलो तेव्हा मावशी पलंगाच्या कडेला बसून नणंदेची वेणी घालत होती आणि दोघी सुप्याच्या घरात तुळस कोणत्या अंगाला होती यावरून भांडत होत्या.

खरी परीक्षा परतीची होती, कारण उतारापेक्षा चढाला गिअरबॉक्स जास्त तापतो. दिवस मावळायच्या आत घाट चढून जोयड्याला पोचलो. मांडवात गाडी लावली, कागद अंथरले. सकाळी वहिनी माझ्याआधी उठून बघून आल्या होत्या. वही माझ्यासमोर ठेवली. लिहिलं होतं: ‘कारवार, जाऊन-येऊन. तपकिरी नाही. लाल, एक थेंब.’

स्टिअरिंगच्या नळीचा तो क्लिप. दोन वळसे पुरले नव्हते. चहा घेतला आणि पुन्हा खाली शिरलो.